डांबरातला लाल, डांबरातला निळा

अँथ्रासीन हे नाव आपल्यातल्या बहुतेकांनी एकदाच वाचलेलं असतं. बारावीच्या केमिस्ट्रीत, नॅफ्थलीनच्या पुढच्या ओळीत. बेंझीनचं एक षटकोनी कडं घ्या, त्याला दुसरं चिकटवा की नॅफ्थलीन. त्याच सरळ रेषेत तिसरं चिकटवलं की अँथ्रासीन. कार्बनचे 14 अणू, हायड्रोजनचे 10, वितळतं साधारण 216 अंश सेल्सिअसला. एवढं पाठ करून आपण पुढच्या धड्याकडे वळतो.

या तीन कड्यांनी एकोणिसाव्या शतकात फ्रान्सपासून खानदेशापर्यंत तांबड्या रंगाची शेती बसवली. आणि आत्ता तुमच्या हातातला फोन ओलेड स्क्रीनचा असेल, तर त्यातला निळा प्रकाश बहुधा याच कुटुंबातल्या रेणूंमधून तुमच्या डोळ्यांपर्यंत येतोय. अँथ्रासीन स्वतः मात्र ना लाल आहे ना निळं. शुद्ध असेल तर बिनरंगी स्फटिक, बस्स.

गोष्ट सुरू होते कचऱ्यापासून. 1812 साली लंडनमध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लावायला कंपनी निघाली. कोळसा हवाबंद भट्टीत तापवला की जळाऊ गॅस मिळतो, मागे कोक उरतो आणि सोबत येतं काळं, चिकट, घाण वासाचं डांबर. गॅस विकला जायचा, कोक विकला जायचा, डांबराचं काय करायचं हा प्रश्नच होता. रसायनशास्त्रज्ञांना मात्र असला चिखल आवडतो. 1832 मध्ये पॅरिसला ज्याँ-बातिस्त द्युमा आणि ओग्युस्त लोराँ यांनी डांबरातून एक नवा घन पदार्थ वेगळा काढला. नॅफ्थलीनसारखाच वाटला म्हणून त्याला आधी 'पॅरानॅफ्थलीन' म्हटलं, मग कोळशाच्या ग्रीक शब्दावरून अँथ्रासीन. नॅफ्थलीनला आपण मराठीत अजूनही डांबरगोळी म्हणतो. कपाटातली ती पांढरी गोळी कुठून आली हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा दुसरा शब्द मला माहीत नाही. अँथ्रासीनला घरात जागा मिळाली नाही, म्हणून त्याला मराठी नावही मिळालं नाही.

पुढची 36 वर्षं या पदार्थाचं कुणाला काही पडलेलं नव्हतं.

त्या काळात तांबडा रंग जमिनीतून यायचा. युरोपात मॅडर नावाचं झुडूप, आपल्या मंजिष्ठेचं सख्खं भावंड. त्याच्या मुळांत रंग. लावल्यापासून मुळं खणण्याजोगी व्हायला दोन-तीन वर्षं लागायची. मुळं वाळवायची, कुटायची आणि तुरटीचं पाणी दिलेल्या सुती कापडाला त्यांत उकळायचं. तुरटीशिवाय हा रंग धुऊन जातो, तुरटीबरोबर बसला की धोब्याच्या बापालाही हटत नाही. फ्रान्सच्या दक्षिणेला, अ‍ॅव्हिन्यों शहराच्या आसपास, हे पीक अठराव्या शतकात रुजलं. ते तिथे आणण्याचं श्रेय ज्याँ अल्तेन नावाच्या आर्मेनियन माणसाला दिलं जातं. त्याच्या नावाचं एक गाव तिथे आजही आहे, अल्तेन-दे-पाल्यू. 1829 मध्ये फ्रेंच पायदळाला लाल विजारी ठरल्या आणि मॅडरवाल्यांना सरकारी गिऱ्हाईक मिळालं.

मुळांतला रंग देणारा मुख्य पदार्थ 1826 मध्येच वेगळा काढला गेला होता, त्याचं नाव ॲलिझरिन. पण तो आतून कसा आहे हे कुणाला कळत नव्हतं. बरीच वर्षं रसायनशास्त्रज्ञ धरून चालले होते की याच्या पोटात नॅफ्थलीन आहे, म्हणजे दोन कडी. त्या गृहीतकावर अनेकांनी ॲलिझरिन बनवायचे प्रयत्न केले, एकही जमला नाही.

बर्लिनमध्ये आडोल्फ बायर यांच्या प्रयोगशाळेत तेव्हा एक नवी युक्ती हाती आली होती. अनोळखी सेंद्रिय पदार्थ जस्ताच्या भुकटीबरोबर चांगला तापवायचा. जस्त त्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि मागे मूळ सांगाडा उरतो. आमच्या धंद्यात सोर्स कोड नसलेला प्रोग्राम उलगडून बघतात तसंच हे. सगळे बारकावे मिळत नाहीत, रचना कळते. 1868 मध्ये तिथल्या कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान या दोन तरुणांनी मॅडरमधलं ॲलिझरिन जस्ताबरोबर तापवलं. बाहेर नॅफ्थलीन आलं नाही. आलं अँथ्रासीन. गॅस कंपन्यांच्या डांबरातलं, कुणाला नको असलेलं ते तीन कड्यांचं रसायन शेतातल्या मुळाच्या पोटात बसलेलं होतं.

उलगडता आलं की जोडताही येतं. अँथ्रासीनच्या मधल्या कड्याला दोन ऑक्सिजन लावले की अँथ्राक्विनोन, आणि त्याच्या एका बाजूच्या कड्यावर शेजारीशेजारी दोन ठिकाणी हायड्रॉक्सिल गट बसवले की ॲलिझरिन. झाडाने बनवलं काय आणि भट्टीत बनवलं काय, रेणू तोच. निसर्गातला रंग कारखान्यात जसाच्या तसा बनवल्याचं हे पहिलं उदाहरण. पर्किनचा 1856 चा प्रसिद्ध जांभळा रंग हा अपघाताने सापडलेला नवाच पदार्थ होता. तो कुठल्या झाडाची नक्कल नव्हता, त्यामुळे कुणा एका झाडाच्या पोटावर थेट पाय नव्हता. ॲलिझरिनचं तसं नव्हतं.

ग्रेबे-लीबरमान यांची पद्धत प्रयोगशाळेत चालायची, पण तिला ब्रोमीन लागायचं आणि ब्रोमीन महाग. स्वस्त वाट गंधकाच्या आम्लाची. ती बीएएसएफ कंपनीच्या हाइनरिश कारो याला सापडली आणि त्याच सुमारास स्वतंत्रपणे इंग्लंडमध्ये विल्यम पर्किनलाही. लंडनच्या पेटंट कचेरीत जर्मन त्रिकुटाचा अर्ज 25 जून 1869 या तारखेचा, पर्किनचा 26 जून 1869 चा. एका दिवसाचा फरक. या तारखा सगळ्या पुस्तकांत चवीने सांगितल्या जातात. मला त्यापेक्षा पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. दोघं कोर्टात भांडत बसले नाहीत, बाजार वाटून घेतला. ब्रिटन पर्किनचं, युरोप बीएएसएफचा.

पर्किनची पहिली अडचण रसायनाची नव्हती, मालाची होती. अँथ्रासीन कुणी वेगळं काढतच नव्हतं, कारण ते कुणी मागतच नव्हतं. डांबर गाळणाऱ्यांकडे जाऊन ते कसं काढायचं हे पर्किन मंडळींना शिकवावं लागलं. तरी 1869 अखेर 1 टन रंगाचा लगदा तयार झाला, 1870 मध्ये 40 टन, 1871 मध्ये 220 टन. स्टार्टअपवाल्यांनी स्लाइडवर लावावा असा आलेख. जर्मन कारखाने तर याहून वेगाने वाढले. 1874 मध्ये, वयाच्या छत्तिशीत, पर्किनने कारखाना विकला आणि तो पुन्हा संशोधनाकडे वळला. दहा-बारा वर्षांत अ‍ॅव्हिन्योंकडची मॅडरची शेती संपल्यात जमा झाली.

त्या शेतीबरोबर बुडालेल्या एका माणसाचं नाव मात्र आपल्याला माहीत असण्याची शक्यता आहे. ज्याँ-आंरी फाब्र, किड्यांवर लिहिणारा तो अफलातून लेखक. 1860 च्या दशकात तो अ‍ॅव्हिन्योंच्या शाळेत तुटपुंज्या पगारावर विज्ञान शिकवायचा, घरात खाणारी तोंडं बरीच. पगाराच्या कटकटीतून सुटून विद्यापीठात शिकवायचं तर गाठीला स्वतःचा पैसा हवा, म्हणून त्याने मॅडर हातात घेतलं. मुळांतून शुद्ध, थेट छपाईला वापरता येईल असा रंग काढायची पद्धत त्याने अनेक वर्षं खपून बसवली, तिची पेटंटं घेतली. शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युर्युई त्याच्या प्रयोगशाळेत भेटायला आले तेव्हा याचे हात मॅडरने लालभडक झालेले. मंत्र्यांना माणूस आवडला, पॅरिसला बोलावून सम्राटापुढे उभं केलं, 1868 मध्ये मानाचं पदक मिळालं.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये जस्ताची भुकटी तापत होती.

शुद्ध ॲलिझरिन मुळांतून काढायची फाब्रची पद्धत चांगलीच होती. पण तेच ॲलिझरिन डांबरातून स्वस्तात मिळायला लागल्यावर चांगल्या पद्धतीचं करायचं काय? नोकरी सुटली, घर सोडावं लागलं, आणि ओरांजला बिऱ्हाड हलवायला पैसे उसने दिले ते अ‍ॅव्हिन्योंला राहणाऱ्या जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने. मग पोटासाठी फाब्र शाळकरी पुस्तकं लिहीत सुटला आणि 1879 पासून कीटकांच्या आठवणींचे त्याचे खंड येऊ लागले. आपल्या या आपटण्याबद्दल त्याने पुढे स्वतःच लिहिलंय, न कुरकुरता. ॲलिझरिनमुळे जगाला फाब्रची पुस्तकं मिळाली असं गोड वळण काही जण या गोष्टीला देतात. मला ते पटत नाही. त्याला लिहिता येत होतं म्हणून तो तरला. मुळं खणणाऱ्या मजुराकडे तो पर्याय नव्हता.

आणि त्या लाल विजारी? फ्रेंच सैन्याने त्या 1914 पर्यंत सोडल्या नाहीत. पण मॅडर गेल्यावर त्यांना लागणारा रंग जर्मन कारखान्यांतून यायला लागला. ज्या देशाशी लढायचं त्याच देशाचा रंग अंगावर. महायुद्धाच्या पहिल्या महिन्यांत त्या विजारी लांबून दिसतात हे फार महागात पडलं आणि गणवेश निळसर राखाडी झाला.

आता आपल्याकडे येऊ, कारण हा तडाखा फ्रान्सपुरता नव्हता. आपल्याकडचा तांबडा अनेक मुळांतून यायचा. डोंगरातली मंजिष्ठा, कोरोमंडल किनाऱ्यावरचं चाय नावाचं छोटं झुडूप, आणि मध्य हिंदुस्थान, वऱ्हाड, खानदेश या पट्ट्यात आल. आल म्हणजे बारतोंडीचं कुळ. त्याच बारतोंडीचा रस हल्ली 'नोनी'च्या नावाने बाटलीत महागड्या दराने विकतात. ही सगळी झाडं मॅडरच्याच कुळातली आणि सगळ्यांच्या रंगात तोच तीन कड्यांचा सांगाडा. चायच्या मुळात तर ॲलिझरिनच असतं. आलमधल्या रंगद्रव्याला मोरिंडोन म्हणतात, म्हणजे अँथ्राक्विनोनवर एक-दोन गट इकडेतिकडे.

आल लावायचं आणि तीन-चार वर्षं वाट बघायची. मग कंबरभर खोल खणायचं, कारण रंग मुळाच्या सालीत असतो आणि बारीक मुळ्यांना सगळ्यात जास्त भाव. जाड मुळाला फारशी किंमत नाही. असं खणणं किती मेहनतीचं असेल याचा अंदाज काळ्या मातीत कुदळ मारलेल्या कुणालाही येईल. या रंगात जाडंभरडं तांबडं कापड रंगवायचे, त्याला खारवा म्हणत. हिशेबाच्या वह्यांना वेष्टण म्हणून हे कापड चालायचं. मध्य प्रांतातल्या काछी समाजात आल पिकवणाऱ्यांची 'आलिया' नावाची वेगळी पोटजातच होती. पिकावरून जात पडते तेव्हा ते पीक एक-दोन पिढ्यांचं नसतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत मुंबई बंदरात ॲलिझरिनचे डबे उतरायला लागले. रंगाऱ्याला यात फायदाच होता. मुळं कुटायची नाहीत, दर वेळी छटा सारखी, काम काही तासांत. त्याने डबा घेतला यात त्याला दोष देता येत नाही. 1896 च्या सुमारास इंग्रज सरकारने प्रांताप्रांतांत रंगाईवर अहवाल लिहून घेतले, त्या वेळी जुने रंग मागे पडत चालल्याच्या नोंदी होऊ लागल्या होत्या. पुढे आल पिकवणारे दुसऱ्या पिकांकडे वळले. संपलं.

इथे मला एक गोष्ट खुपते. निळीचा इतिहास आपल्याला शाळेत शिकवतात. चंपारण, निळीचे मळेवाले, गांधीजी. 1897 मध्ये बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली, तीही डांबरातल्या नॅफ्थलीनपासून सुरुवात करून, हेही कुठेतरी येतं. आलबद्दल कुणी बोलत नाही. कारण उघड आहे. निळीत युरोपीय मळेवाल्यांचा पैसा होता, त्यांचा जुलूम होता, म्हणून फाइली होत्या, खटले होते, आंदोलन झालं. आल हा गावातल्या गावात चालणारा व्यवहार. शेतकरी आपला, रंगारी आपला, गिऱ्हाईक आपलं. तो बुडाला तेव्हा ओरडायला कुणी नव्हतं आणि ओरडलं असतं तरी टिपून घ्यायला कुणी नव्हतं. फ्रान्समध्ये निदान एका गावाच्या नावात मॅडरची आठवण उरली.

रंगाच्या कारखान्यांत हे सगळं चालू असताना अँथ्रासीनचा एक गुण मात्र जवळजवळ बिनकामाचा पडून होता. ते चमकतं. डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश ते शोषतं आणि निळसर जांभळा प्रकाश बाहेर टाकतं. 1867 मध्ये, म्हणजे बर्लिनच्या प्रयोगाच्या एक वर्ष आधी, सेंट पीटर्सबर्गला युलियुस फ्रिट्शे याने अँथ्रासीनचं द्रावण उन्हात ठेवलं तर त्यातून वेगळेच स्फटिक खाली बसले. ते वितळवले की पुन्हा अँथ्रासीन. उन्हात दोन रेणू एकमेकांना जोडले जातात आणि उष्णतेने सुटतात. रंगवाल्यांना यात रस असण्याचं कारण नव्हतं. उन्हात बदलणाऱ्या पदार्थाला त्यांच्या बाजारात किंमत नसते.

ही चमक नखरेलही आहे. डांबरातून काढलेलं अँथ्रासीन बहुतेकदा पिवळट असतं, कारण त्यात टेट्रासीन, म्हणजे चार कड्यांचं थोरलं भावंड, किंचित मिसळलेलं असतं. लाखात एखादा रेणू एवढं टेट्रासीनही पुरतं, निळी चमक दबते आणि हिरवट दिसायला लागते. लाखातला एक रेणू बाकीच्यांचा प्रकाश खातो कसा? कारण स्फटिकात ऊर्जा एका रेणूवर बसून राहत नाही. ती शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे उड्या मारत जाते आणि वाटेत टेट्रासीन भेटलं की तिथे अडकते. ही उड्यांची गोष्ट समजून घ्यायला विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रज्ञांना अँथ्रासीनइतका सोयीचा पदार्थ मिळाला नाही. मोठे, स्वच्छ स्फटिक बनतात, रेणू साधा, सपाट, आणि मालाला तोटा नाही, कारण रंगाच्या धंद्याने तो डांबरातून काढायची सवय जगाला लावून ठेवली होती.

त्यातलं सुरुवातीचं महत्त्वाचं काम आपल्या उपखंडातलं आहे. रेणू स्फटिकात नक्की कसे रचलेले असतात हे 1930 मध्ये केदारेश्वर बॅनर्जी यांनी क्ष-किरणांवरून नॅफ्थलीन आणि अँथ्रासीन या दोघांसाठी मांडलं. ढाका आणि मग कलकत्त्याला के. एस. कृष्णन आणि त्यांचे सहकारी अशा स्फटिकांवर चुंबकाचा परिणाम वेगवेगळ्या दिशांनी मोजत होते. कडी सपाट असल्यामुळे कड्याच्या पातळीला काटकोनात परिणाम बराच जास्त येतो, आणि त्यावरून रेणू कुठल्या दिशेला झुकलाय हे काढता येतं. कमी पैशांत, एक चांगला स्फटिक आणि एक बारीक धागा घेऊन करता येण्याजोगं हे विज्ञान होतं.

मग दुसरं महायुद्ध संपलं. बर्लिनमध्ये हार्टमुट कालमान याने 1947 मध्ये दाखवलं की किरणोत्सर्गाचा कण सेंद्रिय स्फटिकात शिरला की बारीक प्रकाश चमकतो आणि तो यंत्राने मोजता येतो. त्याने वापरलं होतं नॅफ्थलीन. उद्ध्वस्त शहरात तेच मिळण्यासारखं होतं, आपली डांबरगोळी. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ओक रिज इथे पी. आर. बेल याने अँथ्रासीन वापरलं, ते जास्त उजळ निघालं. इतकं की ते मापच बनून बसलं. आजही कण मोजायच्या प्लास्टिकच्या माहितीपत्रकात प्रकाश किती पडतो हे 'अँथ्रासीनच्या इतके टक्के' असं छापलेलं असतं, 60, 65 वगैरे.

कालमान पुढे न्यूयॉर्कला गेला. तिथे 1963 मध्ये मार्टिन पोप, कालमान आणि माग्नांते यांनी अँथ्रासीनच्या पातळ स्फटिकाला दोन्ही बाजूंनी वीज दिली. साधारण 400 व्होल्ट. स्फटिक निळा उजळला. 1965 मध्ये हेल्फरिख आणि श्नायडर यांनी एका बाजूने इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या रिकाम्या जागा सोडून हाच प्रकाश जास्त चांगला मिळवला. या वोल्फगांग हेल्फरिखने 1970 मध्ये मार्टिन शाड्टबरोबर आजच्या एलसीडी स्क्रीनचाही पाया घातला. दोन्ही जातींच्या स्क्रीनच्या मुळाशी एकच माणूस, आणि आपण दुकानात त्यातला कुठला घ्यायचा यावर वाद घालतो.

400 व्होल्टचा फोन कुणी खिशात ठेवणार नाही. 1987 मध्ये कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी वेगवेगळ्या पदार्थांचे अतिशय पातळ थर एकावर एक चढवून 10 व्होल्टच्या आत काम केलं. तो प्रकाश हिरवा होता आणि त्यात अँथ्रासीन नव्हतं. निळ्यासाठी मात्र अखेर परत इकडेच यावं लागलं. नुसतं अँथ्रासीन पातळ थरात चालत नाही, कारण ते लगेच स्फटिक बनून थर फुटतो. म्हणून मधल्या कड्याच्या दोन टोकांना मोठाले गट लावतात, ज्यामुळे रेणूंना नीट रांगेत बसताच येत नाही. ज्या दोन जागी ऑक्सिजन लावून ॲलिझरिनची वाट सुरू झाली होती, नेमक्या त्याच या दोन जागा.

तरी निळा हा स्क्रीनमधला सगळ्यात कटकटीचा रंग आहे. इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा भेटली की चारातून एकदाच लगेच प्रकाश निघेल अशी अवस्था तयार होते. उरलेल्या तीन वेळा ऊर्जा अशा अवस्थेत जाते जी अँथ्रासीनमध्ये चमकत नाही. लाल आणि हिरव्या रंगासाठी इरिडियमसारखा जड धातू वापरून ती ऊर्जा वसूल करतात. निळ्यात तसे रेणू लवकर मरतात, म्हणून वर्षानुवर्षं फोनमध्ये निळा जुन्याच पद्धतीचा राहिला. त्याला थोडी मदत होते ती अँथ्रासीनच्या आणखी एका सवयीची. अशा दोन न चमकणाऱ्या अवस्था उड्या मारत एकमेकींना भेटल्या तर दोघींची ऊर्जा एकत्र होते आणि एक निळा फोटॉन बाहेर पडतो. हे पहिल्यांदा नीट दिसलं तेही 1963 मध्येच, ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत केपलर आणि त्याच्या सहकाऱ्यांना. त्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकावर लाल प्रकाश टाकला होता. बाहेर आला तो निळा.